पावती न देणारा नाका

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो भांडायलाच. विषय थोडा तांत्रिक आहे. पण वसईच्या मावशीपासून पुण्याच्या भाऊजींपर्यंत सगळ्यांना कळेल असं लिहायचा प्रयत्न करतो. जिथे कळणार नाही तिथे जरा पुढे सरका, विरार लोकलमध्ये सरकता तसे.

भांडण आहे ते 'सेफ साइड' या दोन शब्दांशी. "सेफ साइड म्हणून बंद करून टाकलं." हे वाक्य मी गेल्या वीसेक वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की कोणी 'सेफ' म्हटलं की 'साइड' यायच्या आत माझं डोकं फिरतं. माझं पोट नेटवर्कच्या कामावर चालतं. फिल्टर लावणं, काढणं, दुसऱ्याने लावलेला निस्तरणं हा रोजचा उद्योग. तेव्हा हे कोणा बाहेरच्याचं रडगाणं समजू नका, घरातलंच भांडण आहे.

आधी फिल्टर म्हणजे काय ते सांगून टाकतो. ऑफिस, शाळा, अभ्यासिका, सोसायटी, जिथे एका कनेक्शनवर बरीच माणसं नेट वापरतात तिथे मध्ये एक डबा असतो. आत-बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट त्याच्यासमोरून जातं. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि कुठल्या खिडकीवर जायचंय तो नंबर असतो. डब्यात नियमांची एक यादी असते. डबा वरून खाली यादी वाचतो आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तो लावून मोकळा होतो. खालचे नियम मग वाचतही नाही.

विरार फास्टच्या दाराशी उभी असलेली मंडळी आठवा. त्यांच्याकडेही अशीच यादी असते, फक्त लिहिलेली नसते. रोजचा चेहरा असेल तर आत. नवीन आहे पण विरारचा आहे, तर आत, पण लगेच मधे सरक. बोरिवलीला उतरणार? मग ही गाडी तुझी नाही, मागून स्लो येतेय. आता समजा कोणीतरी या यादीच्या अगदी वर "हातात मोठी बॅग असेल तर नाही" असा नियम घातला. मग तीस वर्षं त्याच डब्यातून जाणारे काकासुद्धा ज्या दिवशी बॅग घेऊन येतील त्या दिवशी प्लॅटफॉर्मवरच राहतील. कारण त्यांच्या ओळखीचा नियम खाली आहे आणि बॅगेचा वर. निम्मे घोटाळे हे असे क्रमाचे असतात. आणि यादीच्या शेवटी एक न दिसणारा नियम असतो, 'वरच्या कशातच बसला नाही तर नाही'. बहुतेक राउटरवर तो कोणी लिहावा लागत नाही, तो असतोच.

दारातल्या मंडळींबद्दल एक मात्र कबूल केलं पाहिजे. ती तुम्हाला तोंडावर सांगतात. शिव्या देऊन सांगतात, पण सांगतात. आपण कोणत्या गाडीतून, कोणामुळे आणि का राहिलो हे बोरिवलीकराला पक्कं ठाऊक असतं. भांडायचं तर भांडता येतं.

दहिसरचा जकात नाकाही तसाच होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण त्याआधी टेम्पो घेऊन तिथून गेलेल्या कोणालाही विचारा. रांग, उकाडा, कटकट सगळं होतं. पण शेवटी हातात पावती पडायची. तारीख, माल, रक्कम, शिक्का. नेटवर्कच्या नाक्यावर हेच नाही. तो माल अडवतो आणि पावती देत नाही. पुष्कळदा अडवलंय हेसुद्धा सांगत नाही. पान नुसतं गोल गोल फिरत राहतं आणि तुम्ही म्हणता, नेट स्लो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. फिल्टर लावायचा तर खुशाल लावा, पण ज्याचं अडवलं त्याला सांगा. काय अडवलं, का, कोणाच्या सांगण्यावरून, कधीपर्यंत आणि दाद कोणाकडे मागायची. हे सांगायची तयारी नसेल तर फिल्टर लावू नका. यात शिष्टाचाराचा प्रश्न नाही. न सांगता लावलेला फिल्टर हळूहळू रुंद होत जातो आणि कधीच निघत नाही, म्हणून म्हणतोय.

जुन्या ब्लॉगवाल्यांना 2006 चा जुलै आठवत असेल. 11 तारखेला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. चर्चगेटहून आपल्याकडे येणाऱ्या गाड्या, फर्स्ट क्लासचे डबे, घरी परतायची वेळ. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. वसई-विरार पट्ट्यात त्या रात्री फोन लागत नव्हते आणि घराघरात माणसं दाराकडे बघत बसली होती. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ज्यांचं गेलं त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. ब्लॉगशी संबंधित एवढंच सांगतो, की त्या दिवसांत 'मुंबई हेल्प' नावाच्या ब्लॉगवर स्वयंसेवक मंडळी इस्पितळांची माहिती, फोन नंबर, कोण कुठे आहे हे गोळा करत होती. तो ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर होता.

दोन दिवसांनी, 13 जुलैला, दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना एक यादी पाठवली. दीड डझनाच्या आसपास पत्ते, हे बंद करा. त्यात काही ब्लॉगस्पॉटवरचे ब्लॉग होते. आता कंपनीत बसलेल्या माणसाची जागा डोळ्यासमोर आणा. ब्लॉगस्पॉटवरचे लाखो ब्लॉग मोजक्याच आयपी पत्त्यांवर राहत होते, चाळीत एका पत्त्यावर शंभर बिऱ्हाडं असतात तसे. यादीतलं नेमकं बिऱ्हाड अडवायला मेहनत लागत होती, चाळीच्या गेटला कुलूप लावायला एक ओळ पुरत होती. कित्येक कंपन्यांनी कुलूप लावलं. अख्खं ब्लॉगस्पॉट बंद, सोबत टाइपपॅड आणि जिओसिटीजही. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे सुकं मूठभर होतं आणि ओलं गाडीभर. स्फोटात सापडलेल्यांसाठी धावणारा 'मुंबई हेल्प'ही त्याच कुलपाआड गेला.

आणि कोणालाच काही सांगितलेलं नाही! कोणी म्हणे सर्व्हर पडलाय, कोणी म्हणे केबल तुटली, कोणी मोडेम बंद करून चालू करतोय. सरकारी यादी आहे हे ब्लॉगवाल्यांनीच एकमेकांना विचारत, कंपन्यांना फोन करकरून शोधून काढलं. मग लोकांनी वाट काय काढली? पाकिस्तानात त्याच वर्षी आधी ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं आणि तिथल्या ब्लॉगवाल्यांसाठी 'पीकेब्लॉग्ज' नावाची एक चोरवाट तयार झाली होती. आपली मंडळी त्या वाटेने आपलेच ब्लॉग वाचू लागली :) हसू येतं, पण नीट पाहा. मुंबईच्या स्फोटांबद्दल मुंबईकराने लिहिलेलं वाचायला मुंबईकराला पाकिस्तानसाठी बांधलेला पूल लागला. ज्यांना अडवायचं होतं ते या वाटेने आले-गेले असतीलच. अडकले ते ज्यांना वाट माहीत नव्हती ते. आठवड्याभरात खात्याने कंपन्यांना सुनावलं, की सांगितलेलीच पानं बंद करा, बाकीचं सोडा. मग कुलपं निघाली.

यातून काही शिकलो का? याच्या तीन वर्षं आधी, सप्टेंबर 2003 मध्ये, हेच झालं होतं. मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित 'किनहुन' नावाचा याहू ग्रुप, सभासद जेमतेम दोन डझन. तो बंद करायचा आदेश निघाला आणि कंपन्यांनी अख्खं याहू ग्रुप्स बंद केलं. देशभरातले बागकामवाले, क्रिकेटवाले, शाळेचे माजी विद्यार्थी सगळे बाहेर. पुढे डिसेंबर 2014 मध्ये बत्तीस साइट्सचा आदेश आला, त्यात गिटहब आणि इंटरनेट अर्काइव्ह! म्हणजे कोणीतरी काहीतरी वाईट कागद ठेवला म्हणून वाचनालयच बंद. तेही थोड्या दिवसांत मागे घ्यावं लागलं.

दर वेळी तेच का होतं? मूर्खपणामुळे नाही. हिशेबामुळे होतं. नेमका फिल्टर लावायचे कष्ट लावणाऱ्याला पडतात. ढोबळ फिल्टरचा त्रास भलत्याच माणसाला होतो आणि त्याला तर आपल्याला त्रास कोणी दिला तेही माहीत नसतं. मग लावणाऱ्याने कष्ट का घ्यावेत? अडवलेल्याच्या हातात पावती असती, तिच्यावर नाव आणि फोन नंबर असता, तर पहिल्या पन्नास फोननंतर याच माणसाला नेमका फिल्टर कसा लावायचा ते आपोआप सुचलं असतं. अनुभवाचे बोल आहेत. ऑफिसात फिल्टरच्या पानावर माझं एक्स्टेन्शन छापायला लागल्यापासून मी फार नेमका माणूस झालोय.

कधीच न निघण्याबद्दल. नेटवर्कवाल्यांच्या जगात एक जुनी भानगड आहे. इंटरनेटचे काही पत्ते कोणालाच दिलेले नव्हते. त्या पत्त्यांवरून काही आलं तर ते खोटंच असणार, म्हणून सावध मंडळींनी ते अडवून टाकले. त्या दिवशी अगदी बरोबर. मग 2002 मध्ये 69 या आकड्याने सुरू होणारा पत्त्यांचा सगळा गठ्ठा अमेरिकेतल्या वाटप करणाऱ्या संस्थेकडे गेला आणि तिथून खऱ्याखुऱ्या ग्राहकांना मिळू लागला. हे ग्राहक नवीन घरात राहायला आले तर त्यांना अर्ध्या गावाचे दरवाजे बंद! कोणी कधी लावलेले फिल्टर, लावणारे नोकऱ्या सोडून गेलेले, यादी कोणी उघडून बघितलेली नाही. एकेका साइटवाल्याला गाठून 'अहो, तुमच्याकडचा नियम जुना झालाय' हे सांगत या लोकांची वर्षं गेली. नियम चुकीचा नव्हता. नियमावर तारीख नव्हती.

आता घरातली गोष्ट. ताई, तुला आणि तिला विचारूनच लिहितोय.

माझी भाची नर्सिंगचं जीएनएम करतेय. नालासोपाऱ्यात वन रूम किचन, घरात पाच माणसं आणि एक टीव्ही. ती अभ्यासाला जवळच्याच एका अभ्यासिकेत जायची. वाय-फाय, पंखे, शांतता, महिन्याला परवडेल अशी फी. एकदा तिला स्तनांची स्वतः तपासणी कशी करायची यावर असाइनमेंट होती. गाठ कशी ओळखायची, डॉक्टरकडे कधी जायचं, बायकांना समजावून कसं सांगायचं. स्त्रियांच्या आरोग्यावरची एक चांगली साइट कॉलेजमध्ये सांगितली होती, ती तिने उघडली. आधी ब्राउझरने लाल त्रिकोण दाखवला, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरत असेल. ती घाबरली, तरी पुढे गेली. मग दोन ओळींचं पान आलं. 'प्रौढ विषय. प्रवेश नाही. आपली नोंद घेण्यात आली आहे.'

वीस वर्षांची मुलगी. आजूबाजूला मुलगे बसलेले. नोंद म्हणजे काय, नोटीस बोर्डावर नाव लागणार का, घरी फोन जाणार का? तिने लॅपटॉप मिटला आणि घरी आली. त्यानंतर तीन आठवडे ती अभ्यासिकेत गेली नाही. आईला म्हणाली, तिथलं नेट चांगलं नाही. रात्री अकरानंतर टीव्ही बंद झाला की ओट्यापाशी स्टूल टाकून अभ्यास करायची. मला कळलं ते योगायोगाने, तिने फोनवर "मामा, नोंद पुसता येते का?" असं विचारलं तेव्हा.

मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या पानाच्या भाषेचा. एका मुलीने कर्करोगाची गाठ ओळखायला शिकायचं ठरवलं आणि एका डब्याने तिला सांगितलं, की तू काहीतरी घाणेरडं करत होतीस आणि आम्ही ते लिहून ठेवलंय. डबा बोलला म्हणून तिने ते खरं मानलं. माणूस असता तर तिने निदान सांगितलं असतं, काका, हा अभ्यास आहे.

मी गेलो. अभ्यासिका चालवणारे काका साठीचे, सज्जन, स्वतः उभे राहून पाण्याची टाकी साफ करून घेणारे. त्यांना ही साइट बंद आहे हेच माहीत नव्हतं! फिल्टर बसवायला एक मुलगा आला होता. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकारांची यादी होती, जुगार, हिंसा, प्रौढ, ब्लॉग, गप्पा, अशी पन्नासेक नावं. त्याने सगळ्या चौकटींत टिचक्या मारल्या आणि गेला. पासवर्ड त्याच्याकडेच. त्याचा नंबर आता लागत नाही. कुठली साइट कुठल्या प्रकारात जाते हे परदेशातली एक कंपनी ठरवते. म्हणजे बघा, विरारच्या मुलीने काय वाचू नये हे ठरवलं कोणी, तर कोणीच नाही. काकांनी नाही, त्या मुलाने नाही, त्या कंपनीतल्या कोणी माणसाने बहुधा ते पान वाचलेलंही नाही. (आणि हो, 'ब्लॉग' हा प्रकारही बंद होता. म्हणजे हे तुम्ही वाचताय ते तिथून दिसलं नसतं.)

काकांची बाजू मात्र नीट मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. ते म्हणाले, "अहो, पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, नेटवर काही भलतंसलतं तर नाही ना? एका मुलाने काही केलं आणि उद्या पोलीस आले तर कनेक्शन माझ्या नावावर आहे. शंभर मुलांची सोय मी एका साइटसाठी पणाला लावू?" याला उत्तर देणं सोपं नाही. मुलं अल्पवयीनही असतात तिथे. वाटेल ते उघडं ठेवा असं मीही म्हणणार नाही. जुगाराच्या साइट्स बंद ठेवा, पॉर्न बंद ठेवा, फसवणुकीच्या साइट्स तर आधी बंद करा. माझी हरकत नाही.

पण पालकांची खात्री न सांगितलेल्या फिल्टरने होत नाही, सांगितलेल्याने होते. भिंतीवर कागद लावा, इथे हे हे प्रकार बंद आहेत, अभ्यासाची साइट अडली तर टेबलावर सांगा, त्याच दिवशी उघडून देऊ. पालक वाचतील, मुलंही वाचतील. अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या वाचनालयांनी फिल्टर लावलेच पाहिजेत असा कायदा 2000 मध्ये झाला. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2003 मध्ये टिकला. टिकला त्यात एका गोष्टीचं वजन मोठं होतं, मोठ्या माणसाने टेबलापाशी जाऊन सांगितलं तर ग्रंथपाल फिल्टर काढून देऊ शकतो. टेबल होतं म्हणून फिल्टर टिकला. आपल्या अभ्यासिकेत टेबल आहे, काका त्याच्यामागे बसलेही आहेत, फक्त त्यांच्याकडे पासवर्ड नाही.

आपल्याकडेही असा विचार झालेला आहे. सायबर कॅफेंच्या काळात, 2001 मध्ये, मुलांना इंटरनेटवरच्या अश्लील गोष्टींपासून कसं जपायचं यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने समिती नेमली होती. तिच्या अहवालातली एक सूचना मला फार आवडते. अल्पवयीन मुलांना पार्टिशनच्या आड बसवू नका, मधल्या मोकळ्या जागेतली मशिन्स द्या. यात माणसाचं माणसावर लक्ष आहे. त्यात थोडी लाज आहे, थोडा धाक आहे, पण समोरचा माणूस बोलू शकतो आणि आपणही बोलू शकतो.

काका तरी बिचारे काय करणार, त्यांच्यासमोर उदाहरण कोणाचं आहे? नोव्हेंबर 2012 मध्ये आपल्या पालघरमध्ये दोन मुलींना अटक झाली होती, आठवतंय? (तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, आपण सगळे ठाण्यात होतो.) शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं, एवढंच. त्यानंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 24 मार्च 2015 ला आयटी कायद्याचं कलम 66अ रद्द झालं. त्याचा आपल्याला आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण त्याच निकालात साइट्स बंद करण्याचं कलम, 69अ, कायम राहिलं. न्यायालयाने म्हटलं, कारणं लेखी नोंदवायची आहेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल. छान. मग या कलमाखालच्या 2009 च्या नियमांतला सोळावा नियम वाचा. तक्रारी आणि त्यांवरची कारवाई काटेकोरपणे गुप्त ठेवायची! कारण लिहायचं, पण दाखवायचं नाही. पावती फाडायची आणि नाकेदाराने आपल्याच खिशात ठेवायची. सरकार असं करतं तेव्हा निदान देशाच्या सुरक्षेचं नाव घेतं. अभ्यासिकेने कुठल्या सुरक्षेसाठी गुप्तता पाळायची?

"तुला काय लपवायचंय?" असं एक नातेवाईक (नाव घेत नाही, ते वाचतात) मला दर दिवाळीला विचारतात. दादा, लपवतोय मी नाही, लपवतोय तो फिल्टर. मी त्याला बाहेर या म्हणतोय.

आणि वेळ नसल्याची सबब तर मुळीच ऐकणार नाही. राउटरमध्ये प्रत्येक नियमाला शेरा लिहायची सोय असते, त्याला दहा सेकंद लागतात. कोणी सांगितलं, का, तारीख काय, परत कधी बघायचं. राउटरवर विश्वास नसेल तर दोनशे पानी वही आणा आणि डब्याच्या शेजारी सुतळीने बांधून ठेवा, मासळी बाजारात हिशेबाची वही असते तशी. ज्या नियमाला वहीत ओळ नाही तो काढायचा. बोंब झाली तर कारण समजेल आणि ते वहीत लिहिता येईल. नाही झाली तर तो नियम कोणासाठी होता? हल्ली बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे पाकीट बंद असतं. ते फोडून वाचायची सोय केलेली नसेल तर मधल्या डब्याला फक्त साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. एक पान नको असेल तरी अख्खी साइट जाते. म्हणजे आज 2006 पेक्षाही जास्त ओलं जळू शकतं. म्हणून वही आजच जास्त हवी.

गंमत अशी की जिथे फिल्टर खरोखर हवा तिथे सगळे ढाराढूर झोपलेत. आपल्या सोसायट्यांमधले सीसीटीव्ही घ्या. नायगावपासून विरारपर्यंत नवीन टॉवर, गेटवर चार कॅमेरे, ऑफिसात रेकॉर्डर, सेक्रेटरींच्या मोबाईलवर दिसावं म्हणून तो थेट इंटरनेटवर उघडा आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. 21 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे तासन् तास बंद पडलं ते अशाच जगभरच्या लाखभर कॅमेऱ्यांनी आणि रेकॉर्डरांनी मिळून केलेल्या हल्ल्यात, 'मिराई' नावाच्या किड्याने त्यांना कामाला लावलं होतं. इथे एक ओळीचा फिल्टर पुरतो, बाहेरून या रेकॉर्डरकडे कोणीही येऊ नये. त्याने कोणाचं वाचन अडत नाही, कोणाला लाज वाटत नाही. तसंच इंटरनेट देणाऱ्यांनी आपल्या ग्राहकाकडून निघणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असेल तर ते दारातच अडवावं, हे मे 2000 मध्ये 'आरएफसी 2827' नावाच्या कागदात लिहून ठेवलंय. पाव शतक उलटलं, अजून सगळीकडे होत नाही. कारण यात पकडायला यंत्र सापडतं, माणूस सापडत नाही. आणि माणूस अडवल्याशिवाय आपण काही केलं असं कमिटीला वाटत नाही.

असो. काकांच्या डब्याचा पासवर्ड मी कारखान्याच्या सेटिंगवर परत नेऊन बदलला, त्यांच्यासमोरच. प्रकारांच्या यादीतल्या पन्नासपैकी सात टिचक्या ठेवल्यात, त्या सातही भिंतीवर मराठीत लावल्यात. 'आपली नोंद घेण्यात आली आहे' ही ओळ काढून तिथे काकांचा मोबाईल नंबर घातला. काकांना ते फारसं आवडलेलं नाही, पहिल्या आठवड्यात अकरा फोन आले. त्यातले नऊ रेल्वे भरतीच्या एका साइटसाठी होते, ती 'गप्पा' या प्रकारात निघाली. आता सहाच टिचक्या आहेत.

भाची सोमवारपासून परत जातेय. नातेवाईकांपैकी ज्यांच्या सोसायटीत रेकॉर्डर आहे त्यांनी मला फोन करा, रविवारी दुपारी एकनंतर मोकळा असतो. वही तुमची, सुतळी मी आणतो.